संत बर्नार्ड (क्लेर्व्हो)

संत बर्नार्ड (जन्म : इ.स. १०९०, मृत्यू : २० ऑगस्ट, इ.स. ११५३) हे फ्रान्समधील ख्रिस्ती संन्यासी, क्लेर्व्हो मठाचे संस्थापक व बायबलचे भाष्यकार होते. जुन्या करारातील ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यावरील त्यांची ८६ लॅटिन प्रवचने विशेष प्रसिद्ध आहेत.

पूर्वजीवन

बर्नार्ड यांचा जन्म बर्गंडी प्रांतात, दिजाँजवळील फोंतेन येथे, सरदार घराण्यात झाला. इ.स. १११३ च्या सुमारास सुमारे तीस आप्तमित्रांसह ते सितो येथील मठात दाखल झाले. त्यांचा थोरला भाऊ जेरार हा योद्धा होता. त्याने आरंभी नकार दिला. परंतु लढाईत जखमी होऊन कैदेत पडल्यावर तोही संन्यासी झाला. इ.स. १११५ मध्ये बर्नार्ड क्लेर्व्होचे मठाधिपती झाले. कठोर उपवासांमुळे त्यांची प्रकृती कायमची बिघडली.

गीतरत्नावरील प्रवचने

गीतरत्नात वधू-वरांच्या अनुरागाचे वर्णन आहे. यहुदी परंपरेने त्यात देव व इस्राएल यांचे, तर ख्रिस्ती परंपरेने ख्रिस्त व मंडळी यांचे प्रेम पाहिले. बर्नार्ड यांनी वधूच्या ठिकाणी प्रत्येक माणसाचा आत्मा कल्पिला. इ.स. ११३५ मध्ये आरंभलेली ही प्रवचने त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवली. तरीही आठ अध्यायांच्या या काव्यातील तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच ते पोहोचले.

जेरारचा मृत्यू

मठाचा कोठार व व्यवहार सांभाळणारा जेरार इ.स. ११३८ मध्ये वारला. बर्नार्ड यांनी अंत्यविधी कोरड्या डोळ्यांनी पार पाडला आणि नंतर नेहमीप्रमाणे प्रवचनास प्रारंभ केला. परंतु मध्येच विवेचन थांबवून ते भावासाठी उघडपणे शोक करू लागले. हेच त्यांचे सव्विसावे प्रवचन होय. लाजराच्या कबरीपाशी येशूही रडला होता, याचे स्मरण देऊन त्यांनी शोक म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे, असे प्रतिपादन केले. संन्याशाने आप्तांची माया सोडावी, अशी अपेक्षा असलेल्या काळात त्यांनी हा विलाप ग्रंथातून वगळला नाही.

सार्वजनिक जीवन

प्रेमाच्या या भाष्यकारानेच इ.स. ११४६ मध्ये दुसऱ्या धर्मयुद्धाचा प्रचार केला. ती मोहीम अयशस्वी ठरली व त्याचा दोष त्यांच्यावर आला. मात्र त्याच वर्षी ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात यहुद्यांवर हल्ले सुरू होताच त्यांनी पत्रे पाठवून व स्वतः तेथे जाऊन त्यांना विरोध केला. बॉनचा एफ्राईम या यहुदी लेखकाने या साहाय्याची कृतज्ञतेने नोंद केली आहे.

निधन व सन्मान

क्लेर्व्हो येथे त्यांचे निधन झाले. इ.स. ११७४ मध्ये त्यांना संतपद मिळाले. अपूर्ण राहिलेले भाष्य हॉयलंडचा गिल्बर्ट याने पुढे नेले व फोर्डचा जॉन याने पूर्ण केले.