प्रमिलादेवींचा अबोल संसार

मानखुर्दच्या आमच्या बचत गटातली एक ताई सहा महिने मीटिंगला येईना. म्हणून घरी गेले. नवरा पन्नाशीचा, एरवी शांत माणूस. आता शेजारणींना वाटेल ते बोलतो, दिवसभर गोड मागतो, आई गेली त्या दिवशीही हसत बसला होता. सासरचे म्हणतात, हिनेच काहीतरी खाऊ घातलं. सासऱ्यांचंही उतारवयात असंच झालं होतं, हे मात्र कोणी बोलत नाही. परतताना मला काझी नज्रुल इस्लाम आठवले, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या पत्नी प्रमिलादेवी.

नज्रुल 1899 साली बंगालमधल्या चुरुलिया गावी जन्मले. वडील लवकर गेले. पोटासाठी मशिदीत काम केलं, आसनसोलला बेकरीत राबले, 1917 मध्ये फौजेत गेले. 1922 मध्ये 'विद्रोही' कविता छापून आली आणि नाव झालं. इंग्रजांविरुद्ध लिहिलं म्हणून तुरुंगवास घडला, तिथेही उपोषण केलं. 1924 मध्ये हिंदू घरातल्या प्रमिलादेवींशी लग्न झालं. दोन्हीकडून बोल लागले, पण संसार उभा राहिला. 1930 मध्ये लाडका मुलगा बुलबुल देवीच्या रोगाने गेला. तरी या माणसाने हजारो गाणी रचली, त्यांत इस्लामी गाणी होती तशी कालीमातेचीही.

मग दुखणी आली. आधी प्रमिलादेवींचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. पाठोपाठ जुलै 1942 मध्ये नज्रुल यांची वाचा अडखळू लागली. वय अवघं त्रेचाळीस. बोलणं गेलं, लिहिणं गेलं. कलकत्त्याचं मनोरुग्णालय झालं, 1952 मध्ये रांची झाली. 1953 मध्ये लोकांनी निधी जमवून त्यांना लंडनला, तिथून व्हिएन्नाला नेलं. तिथल्या डॉ. हान्स हॉफ यांनी निदान केलं, पिक्स डिसीज. मेंदूचा पुढचा भाग आक्रसत जाण्याचा आजार, उपाय नाही. दुखणं सुरू होऊन अकरा वर्षं उलटली होती.

प्रमिलादेवींनी मात्र स्वतः अंथरुणाला खिळून नवऱ्याचं केलं. 1962 मध्ये त्या गेल्या. पुढे सून उमा यांनी सेवा केली. 1972 मध्ये नज्रुल यांना ढाक्याला नेलं. बांगलादेशाचा हा राष्ट्रकवी 29 ऑगस्ट 1976 रोजी मुक्यानेच गेला.

प्रागच्या अर्नोल्ड पिक या डॉक्टरांनी 1892 मध्ये अशा रुग्णाचं वर्णन केलं होतं. आता या गटातल्या आजारांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. बहुधा पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यान सुरू होतो. सुरुवातीला स्मरणशक्ती बरी असते, बिघडतो तो स्वभाव. लाज सुटते, माया आटते, तेच ते करत राहतो, गोडाचा सोस लागतो. काहींना भास होतात, संशय येतो. म्हणून वेड लागलं, दारू प्यायला, करणी केली असं वाटतं. काही घरांत तो जनुकातून येतो, तेव्हा प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. असे काही जनुक 1998 पासून सापडत गेले. आजार बरा करणारं औषध अजून नाही, पण त्रास कमी करता येतो आणि घरच्यांना समजून घेता येतं.

ताईला मी एवढंच सांगितलं, भगताकडे पैसे घालवू नका, मेंदूच्या डॉक्टरकडे चला, आणि सासऱ्यांचं दुखणं लपवू नका. मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर आधी जिल्हा रुग्णालय गाठा. 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

पुढच्या आठवड्यात मी तिच्यासोबत दवाखान्यात जाणार आहे. परवा ती पहिल्यांदाच रडली. म्हणाली, म्हणजे माझी चूक नव्हती तर.