दुसऱ्याच्या धर्मासाठी बंदिवास : श्रीगुरू तेगबहादुर

स्वतःच्या श्रद्धेसाठी बंदिवास सोसणारे आणि प्रसंगी प्राण देणारे महात्मे प्रत्येक देशात होऊन गेले आहेत. परंतु जो आचार आपण पाळत नाही, जे चिन्ह आपण धारण करीत नाही, ते दुसऱ्यास निर्भयपणे धारण करता यावे म्हणून आपण होऊन बेडीत जाणारा पुरुष विरळा. शिखांचे नववे गुरू श्रीतेगबहादुर हे अशा विरळा पुरुषांपैकी होत. श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी ज्याला अग्रस्थान दिले, त्या अभयाचे आचरणरूप भाष्य म्हणजे त्यांचे चरित्र होय.

त्यांचा जन्म १६२१ साली अमृतसर येथे झाला. सहावे गुरू हरगोविंद हे त्यांचे पिता व नानकी ही माता. बंदिशाळा या घराण्यास अपरिचित नव्हती. पितामह गुरू अर्जुनदेव यांचा जहांगीर बादशहाच्या आज्ञेने १६०६ साली लाहोर येथे छळ होऊन अंत झाला. पुढे त्याच बादशहाने गुरू हरगोविंदांना ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडले. सुटकेची आज्ञा आली तेव्हा किल्ल्यातील बावन्न राजेही आपल्याबरोबर सुटल्यावाचून बाहेर पाऊल टाकणार नाही, असा हट्ट त्यांनी धरला व तो पुरा करून घेतला, असे शीख परंपरा सांगते. आपण दीपावली साजरी करतो त्याच दिवशी शीख बांधव या बंदिमोचनाचे स्मरण करून दीप लावतात. एकट्याची मुक्ती ही मुक्ती नव्हे, हा धडा तेगबहादुरांना असा घरातच मिळाला.

बालपणी त्यांचे नाव त्यागमल असे होते. किशोरवयात कर्तारपूरच्या लढाईत त्यांनी गाजविलेले शौर्य पाहून पित्याने त्यांना तेगबहादुर हे नाव दिले. परंतु मुलाचे पहिले नावही अन्वर्थकच ठरावयाचे होते. १६४४ साली गुरू हरगोविंद निवर्तले. गुरुपद पुतण्याकडे गेले, तेव्हा तेगबहादुरांनी किंचितही विषाद न मानता पत्नी गुजरी व माता नानकी यांसह बकाला या गावी वास केला. तेथे सुमारे वीस वर्षे त्यांनी ईश्वरचिंतनात घालविली. प्रपंच सुटला नव्हता. आसक्ती मात्र सुटली होती.

१६६४ साली आठवे गुरू हरकृष्ण हे बालवयातच दिल्ली येथे देवीच्या विकाराने निजधामास गेले. जाताना त्यांनी आपला वारस बकाल्यास आहे, एवढेच सुचविले. हे कळताच त्या लहानशा गावी बावीस जण गुरू म्हणून गाद्या मांडून बसले! मक्खनशाह लबाणा नावाचा एक व्यापारी समुद्रावरील संकटातून वाचल्याबद्दल पाचशे मोहरांचा नवस फेडावयास आला होता. तो प्रत्येकापुढे दोन मोहरा ठेवीत गेला व प्रत्येकाने त्या उचलल्या. अखेर एकान्तात बसलेल्या तेगबहादुरांपुढे येताच त्यांनी उरलेल्या मोहरांची आठवण करून दिली, अशी कथा आहे. पुढे ते अमृतसरला दर्शनास गेले असता प्रतिपक्षाने हरमंदिराची द्वारे लावून घेतली. गुरू बाहेरूनच वंदन करून परतले. तलवारीच्या धन्याने तेथे तलवार उपसली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१६६५ साली त्यांनी शिवालिकच्या पायथ्याशी जागा विकत घेऊन मातेच्या नावाने चक्क नानकी ही वसाहत स्थापिली. तीच पुढे आनंदपूर या नावाने प्रसिद्ध झाली. नंतर प्रयाग, काशी, पाटणा असा प्रवास करीत ते ढाका व आसामपर्यंत गेले. १६६६ साली पाटण्यास त्यांना पुत्र झाला. तेच पुढे दहावे गुरू गोविंदसिंह. यांचा देह १७०८ साली आपल्या नांदेड येथे गोदातीरी पडला.

आता आपण १६७५ या सालाकडे वळू. रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. उत्तरेत औरंगजेबाची सत्ता होती व १६६९ साली त्याने देवळे आणि पाठशाळा पाडण्याचे फर्मान काढले होते. काश्मिरात सुभेदाराच्या जुलमाने पंडित हवालदिल झाले. त्यांचा एक समुदाय मट्टनच्या कृपाराम पंडितांना पुढे करून आनंदपुरास आला आणि आपले जानवे व तिलक राखण्याची याचना त्याने केली. वास्तविक गुरू नानकांनी बालपणीच जानवे नाकारले होते, असे शीख परंपरा मानते. गुरूंचा पंथ त्या चिन्हांना मोक्षाचे साधन मानीत नव्हता. तथापि मतभेद निराळा आणि बळजबरी निराळी. गुरू विचारमग्न झालेले पाहून नऊ वर्षांच्या गोविंदाने कारण विचारले. एखाद्या महापुरुषाच्या बलिदानावाचून हे संकट टळणार नाही, असे पित्याने सांगितले. तेव्हा आपल्याहून थोर असा दुसरा कोण आहे, असे त्या बालकाने विचारले. निर्णय तेथेच झाला. आधी तेगबहादुरांचे मन वळवा, मग आम्ही आहोतच, असा निरोप गुरूंनी पंडितांकरवी बादशाही अधिकाऱ्यांस पाठविला.

गुरू निघाले. वाटेत त्यांना अटक झाली व बंदिवासातच त्यांना दिल्लीस आणण्यात आले. बादशहा त्या वेळी पठाणांच्या बंडामुळे दूर हसन अब्दालच्या छावणीत होता. दिल्लीत कारभार काझी व कोतवाल यांच्या हाती होता. चांदनी चौकातील कोतवालीत गुरूंपुढे तीन पर्याय ठेवले गेले. त्यांनी चमत्कार दाखवावा, इस्लाम स्वीकारावा, अथवा मरण पत्करावे. चमत्कार हा ईश्वरी सत्तेचा बाजार मांडणे होय, म्हणून त्यांनी तो नाकारला, धर्मान्तर नाकारले, तिसरा पर्याय शांतपणे घेतला. त्यांचे धैर्य खचावे म्हणून डोळ्यांदेखत त्यांच्या सोबत्यांचे हाल करण्यात आले. भाई मतीदासांना करवतीने कापले, भाई दयालांना उकळत्या कढईत बसविले, भाई सतीदासांना कापसात गुंडाळून जाळले. तिघांपैकी एकही डगमगला नाही. संवत् १७३२ च्या मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, म्हणजे नोव्हेंबर १६७५ मध्ये, गुरूंचा शिरच्छेद झाला.

पुढे जे घडले तेही तितकेच बोधप्रद आहे. ज्या जातीला लोक अस्पृश्य समजत, त्या जातीत जन्मलेल्या भाई जैता यांनी गुरूंचे शिर पहाऱ्यातून उचलून आनंदपुरास पोहोचविले. गोविंदरायांनी त्यांना हृदयाशी धरले. धड लक्खीशाह वणजारा यांनी आपल्या गाड्यांच्या तांड्यातून रायसीना येथील घरी नेले आणि उघड दहन शक्य नसल्याने स्वतःचे घरच पेटवून अंत्यसंस्कार केला. शिरच्छेदाच्या स्थानी आज शीसगंज गुरुद्वारा आहे, आणि दहनाच्या स्थानी, संसदभवनाजवळ, रकाबगंज.

गुरूंची ५९ पदे व ५७ श्लोक ग्रंथसाहेबात समाविष्ट आहेत. मानापमान व सुखदुःख समान मानावे, सोने व माती एक लेखावी, कोणास भय देऊ नये व कोणाचे भय मानू नये, हा त्यांचा आशय आहे. गीतेच्या अभ्यासकास त्यात स्थितप्रज्ञाची व गुणातीताची लक्षणे सहज ओळखू येतात. त्यातही भय न देण्याचा अर्धा भाग आपण बहुधा विसरतो. भयाने ग्रासलेला मनुष्यच दुसऱ्यास भेडसावतो. ज्याचे भय गेले त्यास कोणाला दडपण्याची गरज उरत नाही.

यास्तव या चरित्रातून कोणत्याही समाजाविषयी द्वेष घेऊ नये. पतियाळाजवळच्या सैफाबादेस नवाब सैफखानाने गुरूंना आदराने ठेवून घेतले होते, ही आठवण शिखांनीच जपली आहे. १७०५ च्या सुमारास गोविंदसिंहांच्या कोवळ्या मुलांना सरहिंद येथे देहदंड फर्मावला गेला, तेव्हा मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहंमदखान याने त्यास विरोध केला. आपल्या गोमंतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे कुशस्थळीचा श्रीमंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास न्यावा लागला, तेव्हा तो मुलूख आदिलशहाचा होता. जुलूम हा सत्तेच्या उन्मादाचा दोष आहे. तो कोणत्याही ध्वजाखाली प्रकट होऊ शकतो.

याची साक्ष आमच्या घराजवळच आहे. यमुनेच्या पूर्वतीरी जेथे मी राहतो त्या मयूर विहारास लागूनच त्रिलोकपुरी आहे. १९८४ च्या नोव्हेंबरात, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर, तेथे शेकडो निरपराध शिखांना ठार मारण्यात आले. ज्या रकाबगंजच्या भूमीवर गुरूंचा देह अग्नीला दिला, त्या गुरुद्वाऱ्यावरही जमाव चालून गेला. ज्यांच्या गुरूने इतरांच्या जानव्यासाठी मान दिली, त्यांची पगडी आपल्या दारी असुरक्षित ठरावी, यासारखी कृतघ्नता कोणती? काही शेजाऱ्यांनी त्या रात्री आपल्या घरात शिखांना लपविले. गीता वाचली असो वा नसो, गीता जगले ते हेच.

गुरूंच्या बलिदानास २०२५ साली ३५० वर्षे पूर्ण झाली. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीनंतर सहाव्याच दिवशी मोक्षदा एकादशी, म्हणजे गीताजयंती येते. प्रत्येक गृहस्थाने त्या आठवड्यात मुलाबाळांना जवळ बसवून हे चरित्र सांगावे आणि स्वतःस एक प्रश्न विचारावा. माझ्या गल्लीत, माझ्या गावात, माझ्याहून निराळ्या रीतीने ईश्वरास आळविणारा जो कोणी अल्पसंख्य शेजारी आहे, तो माझ्यामुळे निर्भय आहे काय? याचे उत्तर होकारार्थी देता येईल असे आचरण आपल्या हातून घडावे, हीच त्या महापुरुषास खरी श्रद्धांजली आणि हीच भगवंतांच्या चरणी प्रार्थना.