हिशेबाचे शिक्षक : लुका पाचोली

जमाखर्चाची उदाहरणे सोडविताना आपण खात्याच्या डाव्या बाजूस ‘नावे’ आणि उजव्या बाजूस ‘जमा’ रक्कम लिहितो. शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की समाधान वाटते. न जुळल्यास चूक शोधावी लागते. ही द्विनोंदी पद्धत छापील ग्रंथातून प्रथम सविस्तर समजावून देणारे गणिताचे शिक्षक म्हणजे इटलीतील लुका पाचोली.

लुकांचा जन्म इ. स. १४४७ च्या सुमारास मध्य इटलीतील सानसेपोल्क्रो या लहान गावी झाला. तरुणपणी ते व्हेनिसला गेले. मसाले आणि रेशीम यांच्या व्यापारामुळे हे बंदर त्या काळी अतिशय संपन्न होते. तेथे रोम्पियासी नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलांना शिकविण्याचे काम लुकांना मिळाले. शिकविता शिकविता ते स्वतःही गणिताचा अभ्यास करीत होते. १४७० मध्ये त्यांनी या मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. पुढे त्यांनी फ्रान्सिस्कन पंथात संन्यास घेतला. परंतु शिकविणे सोडले नाही. १४७७ पासून पेरुजा येथे अध्यापन करीत असताना त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मालाची अदलाबदल, चलनाचा विनिमय अशा व्यवहारांतील उदाहरणांचा संग्रह तयार केला.

१४९४ मध्ये व्हेनिस येथे त्यांचा ‘सुम्मा’ हा बृहद्‌ग्रंथ छापला गेला. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. लुकांनी मात्र हा ग्रंथ लोकांच्या बोलण्यातील इटालियन भाषेत लिहिला. त्यातील हिशेबाचा भाग ३६ प्रकरणांचा आहे. व्यापाऱ्याने प्रथम आपल्या मालमत्तेची व देण्याची यादी करावी, मग तीन वह्या ठेवाव्यात, असे त्यांनी सांगितले. घडलेला व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपावा, तेथून तो रोजकीर्दीत नोंदवावा आणि शेवटी खातेवहीत न्यावा.

प्रत्येक व्यवहाराला दोन अंगे असतात, हे या पद्धतीचे मर्म होय. व्यापाऱ्याने १०० डुकाटांचे कापड रोखीने घेतले, तर कापड खाते १०० ने नावे होते आणि रोकड खाते १०० ने जमा होते. म्हणूनच सर्व खात्यांच्या नावे व जमा रकमांची बेरीज सारखी आली पाहिजे. ती न आल्यास कोठे तरी चूक आहे, हे निश्चित समजावे. अर्थात, एखादा व्यवहार लिहावयाचाच राहिला, तरी बेरजा जुळतात. म्हणून प्रत्येक व्यवहार वेळच्या वेळी लिहिण्याची सवय हवी.

ही पद्धत आपण शोधली, असा दावा लुकांनी केला नाही. आपण व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची रीत सांगत आहोत, हे त्यांनी स्पष्ट केले. पूर्वी ही रीत मुख्यतः पेढीवर बसूनच शिकावी लागे. आता जो वाचू शकेल त्याला ती शिकता येऊ लागली.

याच ग्रंथात चक्रवाढ व्याजाचा एक सोपा नियमही आहे. ७२ ला व्याजाच्या दराने भागले असता मुद्दल दुप्पट होण्यास लागणारी वर्षे अंदाजाने मिळतात. दर ६ टक्के असेल, तर सुमारे १२ वर्षे लागतात.

लुकांची सर्वच उत्तरे बरोबर आली असे नाही. अर्धवट राहिलेल्या खेळातील पैज खेळाडूंमध्ये कशी वाटावी, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर चुकीचे होते. पास्काल आणि फर्मा यांनी त्याचे योग्य उत्तर १६५४ मध्ये शोधले.

पुढे मिलान येथे लुकांचा लिओनार्दो दा विंची यांच्याशी स्नेह जुळला. १५०९ मध्ये छापलेल्या लुकांच्या भूमितीविषयक ग्रंथासाठी लिओनार्दो यांनी घनाकृतींची चित्रे काढली. मात्र, पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या आपल्याच गावच्या चित्रकाराचे लेखन लुकांनी या ग्रंथात त्यांचे श्रेय न देता घेतले. हिशेबात चोख असलेल्या या शिक्षकाकडून एवढे देणे नोंदवावयाचे राहून गेले.

१५१७ मध्ये लुकांचे निधन झाले. आज हिशेब संगणकावर होतात, तरी नावे आणि जमा यांचा मेळ आपण तसाच घालतो. व्यापाऱ्यांच्या पेढीवरील विद्या सोप्या भाषेत सर्वांच्या हाती देणारे शिक्षक म्हणून लुका पाचोली स्मरणात राहिले आहेत.