कागदाच्या तुकड्यावरचं इंग्रजी

दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता आमच्या गावातल्या समाजमंदिरात मी बायकांचा इंग्रजीचा वर्ग घेते. मी काही इंग्रजीची पंडित नाही, बी.ए.ला माझा विषय मराठी होता. पण बारा-पंधरा जणी येतात, चटई अंथरतात आणि मन लावून बसतात. त्यांना अगदीच येत नाही असं नाही. पाट्या वाचतात, बाजारातलं, मोबाईलवरचं समजतं. अडतं ते त्याच्या पुढे. शाळेची नोटीस, बँकेचा फॉर्म, औषधाच्या खोक्यातली ती घडी केलेली चिठ्ठी. तिथे मोठमोठे शब्द येतात आणि आमची गाडी थांबते.

म्हणून मी एक यादी केली होती. दर वर्गाला वीस अवघड शब्द, समोर मराठी अर्थ. पाठ करून यायचं. सगळ्या पाढ्यांसारखं घडाघडा म्हणायच्या. मीही खूश होते. मग एक दिवस वर्गातल्या एकीच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात हिच्यापुढे दोन पानांचा फॉर्म ठेवला आणि हिनं बोट दाखवलं तिथे सही केली. कसला फॉर्म ते हिला कळलं नाही, कुणी सांगितलंही नाही. वर ठळक अक्षरांत कन्सेंट लिहिलं होतं. हा शब्द आमच्या यादीत होता हो! पंधरा दिवसांपूर्वी तिनंच त्याचा अर्थ संमती म्हणून सांगितला होता. पण तो वहीतला शब्द तिला कागदावर ओळखताच आला नाही.

ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. चूक तिची नव्हतीच. त्या रात्री मी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. रमाबाई रानडे यांचं, आमच्या आयुष्यातील काही आठवणी. कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलेलं. तेव्हा त्यात मला थोर पती आणि आदर्श पत्नी दिसली होती. या वेळी दिसली ती घरातल्यांच्या डोळ्याला डोळा न देता एकेक इंग्रजी शब्द गोळा करणारी एक सून.

रमाबाई तुम्हाला उंच माझा झोका या मालिकेमुळे ठाऊक असतीलच. २०१२-१३ मध्ये ती रोज रात्री घराघरात लागायची. त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे गावी झाला, आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. माहेर कुर्लेकरांचं. मुलींना शिकवायची रीत घरात नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं ते महादेव गोविंद रानडे यांच्याशी. नवरा एकतीस वर्षांचा, बिजवर, मोठा विद्वान, न्यायखात्यात नोकरीला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केलं, म्हणून सुधारकांनी त्यांना खूप बोल लावले. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या मुलीला अक्षरओळख नाही हे कळताच त्यांनी शिकवायला सुरुवात केली, हेही तितकंच खरं. आधी मराठी, मग इंग्रजी.

मराठी शिकण्यावरूनही घरात कुरकुर होतीच. इंग्रजीचं नाव निघालं तेव्हा मात्र भांडंच फुटलं. पुण्याचं ते भरलेलं घर डोळ्यांपुढे आणा. सासूबाई, विधवा नणंद, आत्या, मावश्या, नात्यातल्या आश्रित बायका. त्यातल्या बऱ्याच जणी स्वतः सोसून बसलेल्या. काल आलेली पोर नवऱ्याशेजारी बसून साहेबाची भाषा शिकते, हे त्यांना कसं सहन व्हावं? म्हणून अभ्यास रात्रीचा, कामं उरकल्यावर. दिवसा पुस्तक हातात धरायची सोय नाही.

आणि मग तो प्रसंग. एक दिवस घरातलं काम करता करता रमाबाईंच्या हाती इंग्रजी वर्तमानपत्राचा एक फाटका तुकडा आला. तो वाचण्यात त्या इतक्या रमल्या की आपण कुठे आहोत, कोण बघतंय याचं भानच राहिलं नाही. बायकांनी पाहिलं, आणि मग काय! टोमणे, नाकं मुरडणं, अबोला. मैत्रिणींनो, मी हा प्रसंग तीनदा वाचला. कारण त्या तुकड्यावर कुठलाही धडा नव्हता. नवऱ्यानं नेमून दिलेला अभ्यास नव्हता. कुणी पाठ म्हणून घेणार नव्हतं. कुठल्याशा बातमीचं अर्धं शेपूट, त्यात चार ओळखीचे शब्द आणि दहा अनोळखी. आणि त्या अनोळखी दहांचा अर्थ ओळखीच्या चारांवरून लावायचा. शब्द वाढतात ते असे, हे मला माझी वीस शब्दांची यादी समोर ठेवल्यावर त्या रात्री कळलं.

रानडे काय म्हणत? ते म्हणत की उलट उत्तर द्यायचं नाही, घरात भांडण करायचं नाही, पण शिकणंही सोडायचं नाही. मोठा सल्ला आहे, पण मला इथे त्यांचा थोडा रागच येतो. ते सकाळी कचेरीत निघून जाणार, आणि त्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीनं दिवसभर त्याच बायकांत वावरायचं. घरात एकदा स्पष्ट शब्दांत सांगून टाकलं असतं तर? त्यांनी ते केलं नाही. वडीलधाऱ्यांचा मान त्यांना मोडवला नाही. रमाबाईंनी मात्र पुस्तकात याबद्दल कुठेही तक्रारीचा सूर लावलेला नाही. नवऱ्याचा उल्लेख त्या स्वतः असा करतात, नाव घेत नाहीत. आपल्या आज्या हे म्हणायच्या ना, तसंच.

१८७८ साली रानड्यांची नाशिकला बदली झाली. घरातल्या मोठ्या बायका पुण्यात, आणि रमाबाई सोळा वर्षांच्या. इथे अभ्यासाला मोकळा श्वास मिळाला. नाशिकच्या हायस्कुलातल्या समारंभात त्या पहिल्यांदा चार लोकांपुढे बोलल्या. ते भाषण रानड्यांनीच लिहून दिलं होतं. याला कुणी पढवलेली पोपटपंची म्हणेल. मी म्हणणार नाही. दुसऱ्याचे शब्द तोंडात घोळवले, मोठ्याने उच्चारले, समोरच्याला कळतील असे टाकले की हळूहळू ते आपले होतात. माझ्या वर्गात मनातल्या मनात वाचणाऱ्या बायकांचा शब्द आठवड्याभरात पळतो. मोठ्याने वाचणारीचा राहतो. लाज वाटते तो भाग वेगळा.

पुण्याला परत आल्यावर पुन्हा तेच घर. आता मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई त्यांना शिकवायला येऊ लागल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या होत्या, त्याही याच बाईंकडे इंग्रजी शिकल्या. रमाबाई रानड्यांच्या घरी मात्र या शिकवणीला एक किंमत होती. बाईंना शिवली म्हणून शिकवणी झाल्यावर आंघोळ करायची, मगच घरात वावरायचं. विचार करा, आपण एक तास क्लासला जाऊन आलो आणि दारातच कुणी अंगावर पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहिलं तर किती दिवस जाऊ? पुस्तकातला हा भाग मी वर्गात सांगितला तेव्हा दोघी-तिघी हसल्या आणि एक अगदी गप्प झाली. तिच्या घरी आंघोळ घालत नाहीत, पण वर्गाहून गेल्यावर चहा कुणी विचारत नाही.

त्या सुमारास पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून खटपट चालली होती. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे सभा भरली आणि त्यात इंग्रजीतलं निवेदन वाचायचं काम रमाबाईंकडे आलं. आता हे काही सभ्य गप्पांचं इंग्रजी नव्हे. मागणी करणारं, कारणं देणारं, अदबीचं, लांब वाक्यांचं सरकारी वळणाचं इंग्रजी. साहेब लोक खुर्च्यांवर बसलेले, शहरातली मोठी माणसं हजर. विशीतली एक बाई उभी राहून ते वाचते. इथेही लिहिणारा हात रानड्यांचा होता, आवाज रमाबाईंचा. घरी आल्यावर कौतुक झालं असेल असं वाटलं असेल तर विसरा. शेकडो पुरुषांत जाऊन इंग्रजी वाचून आली म्हणून बोलणीच खावी लागली. ते हायस्कूल १८८४ साली सुरू झालं. पुण्याची हुजूरपागा शाळा ती हीच.

इंग्रजी एवढं अंगात मुरल्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मला सगळ्यात आवडतो तो पुढचा कलकत्त्याचा किस्सा. १८८६ साली रानडे सरकारच्या फायनान्स कमिटीच्या कामाला तिकडे गेले, रमाबाई बरोबर. दारावर बंगाली वर्तमानपत्र विकायला आलेल्या पोराला त्यांनी परत पाठवलं. वाचता येत नाही, घेऊन काय करू? रानड्यांना ते रुचलं नाही. आपण या लोकांत राहतो आणि यांची भाषा शिकायची नाही, हे कसं? मग बंगाली पुस्तकं घरी आली. आणि एके दिवशी रमाबाईंना आतून बोलण्याचा आवाज ऐकू आला. वाटलं कुणी पाहुणा आहे. बघतात तर न्हावी दाढी करतोय, रानड्यांच्या हातात पुस्तक, आणि अडलेला शब्द आला की ते त्यालाच विचारतायत! रमाबाईंना हसू आवरेना. पण मग त्याही शिकल्या आणि बंगाली वाचू लागल्या. हायकोर्टाचा पुढचा न्यायमूर्ती न्हाव्याला मास्तर करतो, तर आम्ही मेडिकलवाल्याला एखादा शब्द विचारायला का लाजतो?

पुढचं सगळं ठळक आहे, मी थोडक्यात सांगते. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर. वर्षभर त्या जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. मग पडल्या त्या अशा की परत आत गेल्याच नाहीत. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०८ साली मुंबईत आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. त्यात विधवा, परित्यक्ता, शिकायचं राहून गेलेल्या संसारी बायका येत. पुण्यात काही जणींना नर्सचं शिक्षण मिळालं, म्हणजे दवाखान्यातला कागद त्यांना वाचता येत होता. आठवणींचं पुस्तक १९१० साली निघालं, त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. रमाबाई १९२४ साली गेल्या. आणि गंमत बघा, जिच्या इंग्रजी वाचण्यावर घर रुसलं होतं, तिचंच मराठी पुस्तक पुढे इंग्रजीत गेलं. एकदा १९३८ साली अमेरिकेत, आणि पुन्हा १९६३ साली कुसुमावती देशपांडे यांच्या हातून.

मी ती वीस शब्दांची यादी आता बंद केली आहे. त्याऐवजी प्रत्येकीनं घरातला एक इंग्रजी कागद आणायचा. कुठलाही. विजेचं बिल, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण, मुलाचं प्रगतिपुस्तक, खताच्या पिशवीची मागची बाजू. कागद मोठ्याने वाचायचा. ओळखीच्या शब्दांखाली रेघ मारायची, मग उरलेल्यांचा अंदाज बांधायचा, आणि अगदीच नाही जमलं तर डिक्शनरी. वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, तो आला ती अख्खी ओळ लिहायची. आणि घरी जाऊन कुणालातरी त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा, मग ते पोरगं असो नाहीतर शेजारीण. एका तासाला तीन-चार शब्दच होतात. यादीच्या मानाने फार कमी. एकीनं सुरुवातीला तक्रारही केली की वही भरत नाही.

पहिल्या शुक्रवारी ती ऑपरेशनवाली सासूबाईंच्या फाईलमधून फॉर्मची झेरॉक्स घेऊन आली. चटईवर मधोमध ठेवली, तेरा डोकी त्याच्यावर वाकली. नुसत्या पहिल्या परिच्छेदाला पाऊण तास लागला. रिस्क होता, प्रोसीजर होता, अल्टरनेटिव्ह होता. अल्टरनेटिव्हपाशी ती थांबली, मराठीत दोनदा म्हणाली की म्हणजे दुसरा उपाय विचारता आला असता, आणि मग पुढची ओळ वाचायला लागली.