अलीपूर रोडवरची ती प्रस्तावना

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन बसायचा. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची त्याच्याशी ओळख झाली. पुढे तो परीक्षा उत्तीर्ण झाला, वस्तीने कौतुकाने सत्कार केला, आणि गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. मुलगा भारावून गेला. वडील, सुभेदार रामजी, कबीरपंथी. घरात रामायण-महाभारताचे वाचन चाले. मग बुद्धाची ओळख आम्हाला का करून दिली नाही, असे त्याने वडिलांनाच विचारले.

तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. लहानपणी लागलेली ही ओढ पूर्ण व्हायला जवळजवळ सारे आयुष्य जावे लागले.

१९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब दिल्लीतच २६, अलीपूर रोड येथे राहू लागले. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय दुखायचे, नजर मंदावत होती. एका टप्प्यावर डॉक्टरांनीही आशा जवळपास सोडली होती, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्यातून वाचल्याचे श्रेय त्यांनी पत्नी डॉ. सविताबाई आणि डॉ. मालवणकर यांना दिले. याच काळात ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ आकार घेत होता. नानकचंद रत्तू दिवसभर सरकारी नोकरी करून यायचे आणि बाबासाहेबांची हस्तलिखिते टंकलिखित करून द्यायचे. बाबासाहेबांच्या चरित्रात रत्तूंना दोनच ओळी मिळतात, याची मला नेहमी खंत वाटते.

छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये होता. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात, अशी विनंती केली. ते जमले नाही. काम मात्र थांबले नाही.

१४ ऑक्टोबरला नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो अनुयायांना दिली. नोव्हेंबरात अशा प्रकृतीतही ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. येताना सारनाथ, कुशीनगर पाहून महिनाअखेर दिल्लीला परतले.

५ डिसेंबरच्या रात्री रत्तूंनी त्यांचे पाय चेपले, डोक्याला तेल लावले. बाबासाहेब डोळे मिटून बुद्धवंदना गुणगुणत होते. मग त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद मागवले. रत्तूंनी ते पलंगाशेजारी ठेवले आणि ते घरी गेले.

सकाळी सविताबाई उठवायला गेल्या, तेव्हा बाबासाहेब झोपेतच गेले होते. वय पासष्ट. त्याच दिवशी विमानाने पार्थिव मुंबईला नेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले.

ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सविताबाई आणि डॉक्टरांचे आभार मानणारी प्रस्तावना मात्र त्या आवृत्तीत छापली गेली नाही.