एलिझर बेन येहुदा : घरात भाषा पेरणारा माणूस

पालक आणि शिक्षक मित्रहो, मुलाच्या कानावर घरात एकच भाषा पडावी म्हणून तुम्ही किती हट्ट धराल? आज अशाच एका हट्टी बापाची ओळख करून घेऊ.

एलिझरचा जन्म 1858 चा, रशियन साम्राज्यातल्या लुझकी गावचा (हे गाव आता बेलारूसमध्ये आहे). मूळ आडनाव पर्लमन. लहानपणीच तो धर्मग्रंथांसाठी हिब्रू शिकला. 22 अक्षरं, उजवीकडून डावीकडे लिहायची, स्वर दाखवायला बहुधा अक्षराखाली ठिपके आणि रेघा. वाचायला लोक होते, पण घरात बोलायला ही भाषा कुणाचीच नव्हती. प्रार्थना हिब्रूत, बाजारहाट दुसऱ्या भाषेत!

1881 मध्ये तो पत्नी देवोरासह जेरुसलेमला गेला. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. ठरलं, याच्याशी फक्त हिब्रू बोलायचं. पण बोलायचं कसं? बाहुली, आइस्क्रीम, टॉवेल यांना शब्दच नाहीत. मग तो शब्द घडवू लागला. हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवरून होतात. क-त-व घ्या : कातव म्हणजे त्याने लिहिलं, मिख्ताव म्हणजे पत्र, क्तोवेत म्हणजे पत्ता. (आपल्याकडे अरबीतून आलेला 'किताब' याचाच चुलतभाऊ.) शब्दाला 'मिला' म्हणतात, त्यावरून त्याने शब्दकोशाला 'मिलोन' केलं. त्याआधी लोक 'शब्दांचं पुस्तक' असं लांबलचक म्हणायचे. सगळेच शब्द रुजले असं नाही हं. टोमॅटोला त्याने सुचवलेला 'बादुरा' लोकांनी घेतलाच नाही.

मुलगा बराच उशिरा बोलू लागला. सोबतीला खेळायला मुलं नाहीत, कारण त्यांची भाषा वेगळी. शिक्षिका म्हणून मला हे पटत नाही. त्या लेकराची कुणी चौकशी केली का? पुढे इतामार बेन आवी नावाने तोच मुलगा पत्रकार झाला. इकडे कर्मठ लोकांनी पवित्र भाषा बाटवली म्हणून बापाला वाळीत टाकलं. 1891 मध्ये देवोरा क्षयाने गेली. पाठोपाठ तीन लहान मुलं घटसर्पाने गेली. स्वतः त्यालाही क्षय होताच.

तरी वर्गात हिब्रू हिब्रूतूनच शिकवायची ही रीत त्याने जेरुसलेमच्या शाळेत चालवून दाखवली. भाषांतर करून नाही, वस्तू दाखवून. आपण इंग्रजीच्या तासाला हे कितपत करतो, सांगा बरं!

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींसाठी तर जॉन विल्सन यांनी 1832 मध्येच मुंबईत हिब्रू व्याकरण मराठीतून छापलं होतं. पण ते ग्रंथ वाचण्यापुरतं. स्वयंपाकघरात बोलण्यासाठी नव्हतं.

1922 च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनमध्ये हिब्रूला अधिकृत भाषा मानलं. डिसेंबरात बेन येहुदा गेला. त्याचा मोठा शब्दकोश तेव्हा अर्धवटच होता. दुसरी पत्नी हेमदा, मुलगा एहूद आणि नंतर इतर अभ्यासक त्यावर काम करत राहिले. शेवटचा खंड छापून आला तो 1959 मध्ये.