परक्या भूमीत रुजलेला सोलापूरकर : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव मराठी माणसाला बहुधा चित्रपटामुळे ठाऊक असते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेला व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ मध्ये आला आणि सोलापूरचा हा तरुण डॉक्टर घरोघरी पोहोचला. चीनमध्ये गेला, सेवा केली आणि तेथेच देह ठेवला, एवढी कथा सर्वांना माहीत आहे. परंतु परक्या देशाच्या धक्क्यावर उतरलेला एक अनोळखी तरुण त्या देशातील माणसांना आपला कसा वाटू लागला, हा मधला प्रवास सहसा कोणी सांगत नाही. शिक्षिका म्हणून मला तोच भाग अधिक मोलाचा वाटतो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. दोन भाऊ, पाच बहिणी आणि मिळकत बेताची, असा तो संसार होता. अशा घरातला मुलगा डॉक्टर होतो तेव्हा साऱ्या कुटुंबाच्या आशा त्याच्यावर खिळलेल्या असतात. मुंबईच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील शिक्षणाच्या तयारीत होते. पदव्युत्तर शिक्षण, मग व्यवसाय आणि घराला हातभार, असा सरळ मार्ग समोर दिसत होता.

त्याच सुमारास आशियाच्या पूर्वेस युद्ध पेटले होते. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. स्पेनमधील यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि पाचवे आपले डॉ. कोटणीस. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशासाठी पाठवलेले हे पथक होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ नावाच्या बोटीने मंडळी मुंबईहून निघाली आणि महिन्याच्या मध्यास हाँगकाँगमार्गे कॅन्टनला पोहोचली. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सून चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. कोटणीस तेव्हा अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. स्वागत झाले, तरी स्थिर होऊन काम करण्यास जागा कोठे होती? ऑक्टोबर संपण्यापूर्वीच कॅन्टन पडले, पाठोपाठ हँकावही पडले. शत्रूच्या विमानांच्या सावलीत पथक हँकावहून इचांग, तेथून चुंगकिंग असे आत आत सरकत राहिले. मिळेल त्या रुग्णालयात जखमींवर उपचार करायचे आणि हुकूम येताच सामान बांधायचे, असे ते दिवस होते. भाषा अनोळखी, रुग्णाला कोठे दुखते हे विचारायलाही दुभाषा हवा. सेवेच्या ओढीने आलेल्या माणसाची पहिली परीक्षा अशीच असते. हातात कौशल्य असते, परंतु ते रुग्णापर्यंत नेणारी वाट अजून बांधलेली नसते.

चुंगकिंगच्या मुक्कामात दोन गोष्टी घडल्या. भारतीय डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाअखेर चीनचा निर्देश करणारे ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. कोटणीस झाले के दीहुआ. दुसरी गोष्ट दारुण होती. सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला आणि त्यांना कोणी दोषही दिला नसता. तरीही त्यांनी पुढेच जाण्याचे ठरवले. या निर्णयाचा गौरव करताना त्याची किंमत विसरता कामा नये. ती जितकी त्यांनी मोजली, तितकीच सोलापूरच्या त्या घरानेही मोजली.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक उत्तरेकडील येनानला पोहोचले. तेथील पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहांत माणसे राहत आणि रुग्णालयेही गुहांतच चालत. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या देहाला तेथील गोठवणारा हिवाळा, तांदळाऐवजी बाजरीसारखे भरड धान्य, औषधांची सततची टंचाई, हे सारे नवे होते. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. पुढे प्रकृतीमुळे अटलही परतले. ठरलेली एका वर्षाची मुदत सरली, पण कोटणीस राहिले. चिनी भाषेचा अभ्यास त्यांनी नेटाने चालू ठेवला होता. हजारो चिन्हांची ती लिपी वयाच्या तिशीकडे झुकताना पहिल्या इयत्तेतील मुलाप्रमाणे गिरवणे सोपे नव्हते. हळूहळू दुभाष्याची गरज उरली नाही. रुग्णाशी, परिचारिकेशी, शेतकऱ्याशी ते त्यांच्याच भाषेत बोलू लागले.

पुढे ते वुताई पर्वताच्या परिसरातील आघाडीवर गेले. तेथे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी मोठे कार्य उभारले होते. परंतु शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये, कोटणीसांची भेट होण्यापूर्वीच, ते निवर्तले. त्यांचा वारसा कोटणीसांकडे आला. १९४० मधील एका प्रदीर्घ लढाईत त्यांनी सलग ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते चिनी भाषेतून व्याख्याने देत आणि त्यांच्यासाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तकही लिहीत होते. दोन वर्षांपूर्वी ज्याला रुग्णाचे दुखणे विचारण्यासाठी दुभाषा लागत होता, तोच आता त्या भाषेत शिक्षक झाला होता. माझ्या मते कोटणीस चीनमध्ये खऱ्या अर्थाने पोहोचले ते तेव्हा.

नोव्हेंबर १९४१ मध्ये परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र जन्मला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्या वर्षी ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले होते. परंतु अतिश्रमाने शरीर खचले होते, अपस्माराचे झटके येत होते. विश्रांतीसाठी आघाडीपासून दूर जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. आज शीच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत बेथ्यून यांच्याप्रमाणेच कोटणीसांचीही समाधी आहे आणि लोक तेथे फुले वाहतात. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक झाले आहे.

हीरकमहोत्सवाच्या या अंकात त्यांचे स्मरण करण्यास आणखी एक कारण आहे. आपली शाळा महाराष्ट्राच्या सीमेबाहेर आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनीही नोकरी-व्यवसायानिमित्त अनोळखी गावी पाऊल टाकले, तेथील बोली आत्मसात केली, शेजाऱ्यांच्या सुखदुःखात भाग घेतला आणि घरात मराठी जपली. त्यांचा प्रवास कोटणीसांइतका खडतर नव्हता, पण वाट तीच होती. आपले अनेक विद्यार्थी उद्या दूरदेशी जातील. विमान काही तासांत त्यांना तेथे उतरवील. त्यापुढचे अंतर मात्र स्वतःच चालावे लागते: तेथील भाषा शिकून, तेथील लोकांच्या उपयोगी पडून आणि घरच्या माणसांची आठवण मनात जागी ठेवून. सोलापूरच्या द्वारकानाथाने ते अंतर चालून दाखवले. आपल्या मुलांनी त्यांचे नाव या कारणासाठी लक्षात ठेवावे, एवढीच अपेक्षा.